एका माणसाच्या मदतीने

दहा मीटर म्हणजे किती, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बस चालवते. माझी बस नाकापासून शेपटीपर्यंत दहा मीटरला थोडी जास्तच भरते, आणि अकरा वर्षं मी ती रोज आरशात बघत आले आहे. पण तेवढंच अंतर माणसाने चालायचं म्हटलं तर किती वेळ लागू शकतो, हे मला सेंटरच्या कॉरिडॉरमध्ये कळलं. माझ्या नवऱ्याला पहिल्या खेपेला चार मिनिटं लागली, आणि तीही दोघांनी दोन्हीकडून धरल्यावर.

सेंटर म्हणजे मणक्याला मार बसलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात ती जागा. लांबलचक कॉरिडॉर, एका बाजूला लाकडी कठडा, दुसऱ्या बाजूला न उघडणाऱ्या खिडक्या. फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या, एकीपासून दुसरीपर्यंत बरोब्बर दहा मीटर. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये माझे सात महिने गेले. नवऱ्याचे गेले असं म्हणायचं असतं, सगळे तसंच म्हणतात. पण त्याच्या पाठीमागे एका हाताच्या अंतरावर मी होतेच, तेव्हा माझेही गेले.

तिथे चालण्याला नंबर देतात. शून्य ते वीस. शून्य म्हणजे उभंही राहता येत नाही. वीस म्हणजे वॉकर नाही, काठी नाही, पायाला आधाराचे पट्टे नाहीत, कुणाचा हात नाही, तुम्ही आपले चालू लागा. मधल्या सगळ्या नंबरांसाठी तीनच गोष्टी बघतात: हातात काय आहे, पायाला काय बांधलंय आणि माणसं किती लागतात. घरी जिने किती आहेत, कोण किती रडलं, हे त्यात कुठेच येत नाही. माझ्या नवऱ्याच्या हातात वॉकर होता. पायाचे पट्टे दोन महिन्यांपूर्वी सुटले होते. राहता राहिलं माणूस. वॉकर आणि एका माणसाची मदत, म्हणजे आठ. वॉकर आणि कुणाचीच मदत नाही, म्हणजे तेरा. आठ आणि तेराच्या मध्ये दुसरं काही नव्हतं, फक्त मी होते.

नंबर देणाऱ्या फिजिओथेरपिस्टला सगळे मागून खडूबाई म्हणत. तोंडावर मॅडम. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला अगदी मोजक्या, आणि अ‍ॅप्रनच्या खिशात कायम खडूच्या पुडीची डबी. ती त्यांची स्वतःची युक्ती होती, पुस्तकातली नव्हे. त्यांचं म्हणणं, मदत करणारा शपथेवर सांगतो की मी नुसता हात जवळ ठेवला होता, आणि निम्मं वजन तोच पेलत असतो. म्हणून त्या पेशंटच्या कमरेला मागच्या बाजूने काळं कापड बांधायच्या आणि मदतनीसाच्या तळव्याला खडू फासायच्या. हात कापडापासून चार बोटं लांब ठेवायचा. माणूस पडायला लागला तर धरायचं, एरवी नाही. दहा मीटर झाल्यावर कापडावर हात उमटला असेल तर मदत लागली. नसेल तर नाही.

"नवरे खोटं बोलतात, बायका खोटं बोलतात," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. "कापडाला बोलता येत नाही, ते एक बरंय."

शेवटची चाचणी बुधवारी होती, कारण शुक्रवारी खाट रिकामी करून द्यायची होती. घरी सोडताना जो फॉर्म भरतात, त्यात आठ नंबरवाल्यासाठी एक ओळ असते: मदत करणाऱ्या व्यक्तीचं नाव. पुढे सही. ती व्यक्ती दिवसभर घरात पाहिजे. तेरावाल्याच्या फॉर्मवर त्या जागी एक आडवी रेघ मारतात. मला ती आडवी रेघ पाहिजे होती. सात महिन्यांत मी दुसरं काही मागितलं असेल तर मला आठवत नाही.

कारण सोमवारी सकाळी सहाला मला ड्युटीवर हजर व्हायचं होतं. डेपोतल्या साहेबांनी माझी रजा दोनदा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा त्यांचेही हात बांधलेले होते, तसं त्यांनी सांगितलंही. सोमवारी मी दिसले नाही तर माझा रूट दुसऱ्याकडे आणि माझं नाव यादीतून बाहेर.

कुणी म्हणेल, नोकरीच ना, दुसरी मिळेल. असं म्हणणारा कधी बसच्या केबिनमध्ये बसलेला नाही. माझ्या डोक्यावर पाटी असते: चालकाशी बोलू नये. आख्ख्या जगात तेवढी एकच जागा आहे जिथे मला कुणी काही विचारत नाही. मीठ कुठे आहे, निळा शर्ट कुठे आहे, कधी येणार, का गेलीस, कुणाचा फोन होता. केबिनचं दार लावलं की मी आणि रस्ता. आणि गंमत म्हणजे ती पाटी माझ्या नवऱ्यानेच रंगवलेली आहे. पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. डेपोत पंधरा बसच्या पाट्या करायला आला होता आणि माझ्या केबिनमधली पाटी रंगवताना तासभर माझ्याशीच गप्पा मारत बसला. मी म्हटलं, "अहो, लिहिताय काय आणि करताय काय." पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. त्याचं अक्षर इतकं सुरेख की मी भुललेच.

आता ती शिडीची गोष्ट सांगते. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि मी ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

माझी सुट्टी होती. तो एका दुकानाची मोठी पाटी रंगवत होता, पहिल्या मजल्याच्याही वर. त्याचा नेहमीचा जोडीदार आला नव्हता, म्हणून शिडी धरायला मी गेले. दोन तास धरली, मान अवघडली, पण धरली. मग डेपोतून फोन आला. कुणीतरी आजारी होतं, दुपारची ड्युटी करशील का. रस्त्यावर गोंगाट होता, मला ऐकू येईना. एका हाताने शिडी, एका हाताने फोन, आणि मग दुसऱ्या कानात बोट घालायला मी शिडीवरचा हातही काढला. पाठ वळवली. "करते, साहेब," म्हणाले. मागे आवाज झाला तेव्हा फोन अजून कानालाच होता.

त्याला किती जणांनी विचारलं असेल. डॉक्टरांनी, दुकानदाराने, पोलिसाने, त्याच्या बहिणीने. सगळ्यांना त्याने एकच वाक्य सांगितलं. "माझा तोल गेला." शिडी कुणी धरली होती का, असं पोलिसाने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "हिने धरली होती की. घट्ट. मीच जास्त वाकलो, माझा तोल गेला." मी तिथेच खाटेशी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. पुढे महिन्याभराने एकदा, मी त्याला पाणी पाजत असताना, त्याने विचारलं, "फोन कुणाचा होता?" मी म्हटलं, "डेपोचा." तो म्हणाला, "हं." आमच्यात त्या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

म्हणून सात महिने मी त्याचा पट्टा सोडला नाही. सेंटरमध्ये कमरेला रुंद पट्टा बांधतात, मदतनीसाने मागून तो धरायचा. बाकीच्या बायका मधेच चहाला जायच्या, वॉर्डातल्या माणसाच्या हातात पट्टा द्यायच्या. मी नाही. एक हट्टाकट्टा मदतनीस आम्ही दोन दिवस ठेवूनही पाहिला होता. त्याचा हात लागला की नवरा जागच्या जागी खिळून उभा राहायचा. "हिला बोलवा," एवढंच म्हणायचा. नणंद आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते, जीव लावणारी आहे, पण तिचेच गुडघे तिला दाद देत नाहीत. तिने सांगून टाकलं होतं, "वहिनी, मी दुपारी येऊन जेवण देईन, चार शब्द बोलेन. धरायचं मला सांगू नकोस."

पाच आठवड्यांपूर्वी एक गोष्ट घडली. सकाळची फेरी चालली होती आणि माझ्या चपलेचा बंद तुटला. मी खाली बघितलं, पट्टा हातातून सुटला, आणि मान वर केली तर नवरा सहा फरश्या पुढे गेलेला. वॉकर उचलत होता, टेकवत होता, पाय ओढत होता, पण चालत होता. एकटा. मी अनवाणी धावत जाऊन पुन्हा पट्टा धरला. त्याने मागे पाहिलं नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र पट्टा धरल्यासारखं करून हात थोडा लांब ठेवायला लागले. आधी दोन पावलं, मग चार, मग अर्धा कॉरिडॉर. त्याला घाबरवायचं नव्हतं. त्याला वाटू दे मी धरलंय, असं माझं गणित होतं. पाच आठवड्यांत तो माझ्या हाताशिवाय रोज चाळीस मीटर चालत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता, असं मी समजत होते. बुधवारी कापड कोरं निघेल, मी त्याला दाखवीन, तो चकित होईल, आणि सोमवारी मी बस बाहेर काढीन. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

मंगळवारी डेपोतून फोन आला. नवरा खाटेवर बसून सफरचंद कापत होता. मी कॉरिडॉरमध्ये गेले नाही, तिथेच बोलले. "हो साहेब, सोमवारी नक्की. उद्या चाचणी आहे, होऊन जाईल." फोन ठेवला. त्याने सफरचंदाची फोड माझ्यापुढे धरली.

"सोमवारी मी दारापर्यंत चालत जाईन," तो म्हणाला. "मग?"

"मग काय, परत येशील."

"आणि मध्येच पडलो तर?"

"ताई आहेत खाली. फोन आहे."

"खाली पडल्यावर फोन टेबलावर असतो," तो म्हणाला. "दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं, आणि तू कधी येतेस याची वाट बघायची. मला भीती वाटते. खरं सांगतो, मला फार भीती वाटते."

मी फोड खाल्ली. "होईल सवय," असं काहीतरी बोलले. याहून चांगलं काही मला सुचायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात सोमवारची पहाट होती, थंड स्टिअरिंग आणि रिकामी बस, आणि मला तेवढ्यापुरता त्याचा रागही आला होता.

बुधवारी अकरा वाजता खडूबाईंनी काळं कापड बांधलं. माझा उजवा हात उलटा करून तळव्याला खडू फासला, पाचही बोटांना, अगदी टोकापर्यंत. कापडावर एकही सुरकुती ठेवली नाही.

"चार बोटं लांब," त्या म्हणाल्या. "पडला तर धरायचं. करा सुरू."

तो निघाला. वॉकर पुढे, डावा पाय, उजवा पाय. वॉकरच्या एका पायाची रबरी टोपी झिजली होती, ती प्रत्येक वेळी किंचित वाजायची. मी हात चार बोटं लांब धरून मागून चालत होते. पहिली खिडकी. दुसरी खिडकी. खांद्याखालून त्याचा सदरा ओला झाला होता. पाच मीटरवर तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा निघाला. पाय थरथरत होते, पण ते रोजच थरथरतात. सहा. सात. माझा हात दुखायला लागला. न टेकवता हात नुसता धरून ठेवणं किती जड असतं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आठ. पुढची पिवळी पट्टी आता स्पष्ट दिसत होती. मी मनात आडवी रेघ मारून टाकली होती.

नऊ मीटरवर तो थांबला. वॉकर चारही पायांवर पक्का टेकलेला. गुडघे सरळ. श्वाससुद्धा शांत. आणि तो मागे आला. सावकाश, ठरवून, कमरेतून मागे आला आणि त्याने आपली पाठ माझ्या तळव्यावर टेकवली.

तो पडत नव्हता. पडणारा माणूस कसा असतो ते मला माहीत आहे. हा टेकला.

मला हात काढून घेता आला असता. खरं म्हणजे काढायलाच हवा होता, म्हणजे तो आपला आपण सावरलेला खडूबाईंना दिसला असता. पण माझा हात हलला नाही. एकदा काढला होता, तो पुरे होता. मी त्याला तोललं, तो पुढे झाला, उरलेला मीटर चालला आणि पट्टीपलीकडे थांबला.

खडूबाईंनी कापड सोडून उजेडाकडे धरलं. पाच बोटं, तळवा, मनगटाची कड, सगळं स्वच्छ उमटलं होतं. लहान मुलं भिंतीवर उमटवतात तसं.

"काय झालं?" त्यांनी त्याला विचारलं. "चांगलं चाललं होतं की."

तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीच्या दुधी काचेकडे बघत होता.

"माझा तोल गेला," तो म्हणाला.

तेच वाक्य. तोच आवाज, पोलिसाला सांगतानाचा, बहिणीला सांगतानाचा. सात महिन्यांपूर्वी मी ते गपचूप घेतलं होतं आणि त्याच्यावर जगले होते. माझे कान तापले.

खडूबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मागे होतात. मला इथून नीट दिसलं नाही. खरंच तोल गेला, की तुम्हीच सवयीने हात लावलात? सवयीने लावला असेल तर मी ही धरत नाही, दुपारी पुन्हा घेऊ. स्पष्ट सांगा."

सांगायला दोन गोष्टी होत्या. सवयीने लावला, असं म्हटलं असतं तर दुपारी तो पुन्हा नऊ मीटरवर टेकला असता, उद्या घेतली तर उद्याही. आणि दुसरी खरी होती: तो मुद्दाम टेकला, त्याला गरज नव्हती. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण मग मला पुढचंही सांगावं लागलं असतं. शिडीवर खरंच तोल गेला होता, की माझा हात सुटला होता, ते. त्याने आता मान वळवली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत धमकी नव्हती. धमकी असती तर मी त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. तो नुसता घाबरलेला होता, उंचावरून खाली बघताना माणूस घाबरतो तसा.

"हो," मी म्हणाले. "त्याचा तोल गेला."

खडूबाईंनी कापडाची घडी केली. मग टेबलाशी गेल्या आणि त्यांनी आठ लिहिलं. गुलाबी फॉर्म माझ्यापुढे सरकवला, ओळीवर बोट ठेवलं. मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. हात पुसायचं राहून गेलं होतं, त्यामुळे नावाखाली पांढरा पंजा उमटला. त्यांनी फुंकर मारून पाहिली, गेला नाही.

"मी चारपर्यंत इथेच आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "काही सांगायचं आठवलं तर या."

आम्ही खोलीकडे निघालो. मी पट्टा धरला होता, या वेळी खराखुरा, चारही बोटं आत घालून. कॉरिडॉरच्या मध्यावर, कुणी नव्हतं तिथे, तो थांबला.

"तुझा हात नसायचा ते मला कळायचं," तो म्हणाला. "चप्पल तुटली त्या दिवसापासून. कमरेच्या वरचं सगळं कळतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू गेली असतीस."

"मी कामाला जात होते," मी म्हणाले. "संध्याकाळी परत येणार होते. माणसं जातात आणि परत येतात."

"माहितेय," तो म्हणाला. "मी कधी कुणाला काही बोललो नाही."

"मी पण नाही बोलले आज."

"हो." त्याने वॉकरची मूठ चाचपली. "फिटलं मग."

मला हसू आलं, इतकं वाईट हसू मला आयुष्यात आलं नव्हतं. फिटलं कसं. त्याने चार जणांना सांगितलं आणि मोकळा झाला. मला हे रोज सकाळी उठून सांगायचं होतं, पट्टा धरून, त्याला पूर्ण चालता येतंय हे माहीत असताना, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत असताना. आणि त्याच्या पाठीमागून चालताना मला हेही दिसणार होतं की तो सुद्धा त्यात अडकलाय. आता त्याला माझ्यासमोर एक पाऊलही चांगलं टाकता येणार नव्हतं.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मी काढून बघितला नाही. बुधवार, बाराचा सुमार, चाचणीचं काय झालं म्हणून विचारणारा एकच माणूस होता.

"घे ना," तो म्हणाला. "डेपोचा असेल."

फोन वाजत होता. माझा उजवा हात पट्ट्यात होता आणि फोन उजव्या खिशात.

"घे की," तो पुन्हा म्हणाला. "मी उभा आहे."

आणि तो खरंच उभा होता. वॉकरवरचे दोन्ही हात त्याने उचलून धरले होते, मला दाखवायला, बोटं पसरून. पाय जमिनीवर घट्ट, पाठ सरळ, माझ्या हातावर रतीभरही वजन नाही. वॉकरशिवाय, पायाच्या पट्ट्यांशिवाय, कुणाच्याही मदतीशिवाय. मला त्या क्षणी तो फार आवडला आणि मला त्याचा फार राग आला.

फोन वाजायचा थांबला. मी पट्टा सोडला नव्हता.